पीईबी शेड: खोलून दुसरीकडे नेता येणारी इमारत

नारायणगाव-मंचर पट्ट्यात पॅकहाऊस आणि गोदामांच्या मोठ्या पत्र्याच्या शेड्स तुम्ही पाहिल्या असतील. यातल्या काही पीईबी, म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग असतात. खांब-तुळया कारखान्यातच मापाने कापून, भोकं पाडून येतात. जागेवर फक्त नटबोल्ट आवळायचे.

ताण जास्त तिथे तुळई रुंद, बाकी ठिकाणी निमुळती. म्हणून स्टील कमी लागतं. (खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटरच्या डिशमध्येही असंच डोकं लावलंय: भरीव पत्र्याऐवजी तारेची जाळी.) स्लॅब नाही, त्यामुळे वाळू, सिमेंट आणि क्युरिंगचं पाणी वाचतं.

पण स्टील म्हणजे पर्यावरणपूरक, असं लगेच समजू नका. लोहखनिज आणि कोळशापासून एक टन स्टील बनवताना साधारण 2 टन किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगार वितळवून केलं तर बराच कमी. सगळ्यात कमी कधी? तीच शेड पुन्हा वापरली तर.

आमच्या घरी हे वाटणीमुळे कळलं. जागा काकांकडे गेली, शेड आमच्या वाट्याला आली. बोल्ट खोलून ती आमच्या रानात उभी केली. पाया मात्र नवा घालावा लागला. शिवाय ठेकेदाराने काही जोड जागेवरच वेल्ड केले होते. ते गॅसने कापले आणि तेवढे तुकडे भंगारात गेले.

म्हणून कोटेशन घेतानाच सांगा: जागेवरचे सगळे जोड बोल्टचेच हवेत. आणि ड्रॉइंगची पीडीएफ मागून ठेवा, व्हॉट्सॲपवर नाही, ड्राइव्हवर.