हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळते? जुन्या माझदा एमएक्स-५ मध्ये आधी केबल का आवळू नये

हँडब्रेकचा लिव्हर पार वरपर्यंत येतो, तरी उतारावर गाडी हळूच सरकते. असं झालं की बहुतेक जण लिव्हरजवळचा नट आवळून मोकळे होतात. पण पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये खरा दोष अनेकदा केबलमध्ये नसतो, तो मागच्या चाकांवरच्या कॅलिपरमध्ये असतो.

कोणती गाडी?

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो ऑटो शोमध्ये ही दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार पहिल्यांदा दिसली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, तर जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. पहिली पिढी १९९७ पर्यंत बनली. यातल्या अनेक गाड्यांची देखभाल आजही मालक स्वतःच करतात.

हँडब्रेक काम कसा करतो?

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, हँडब्रेक मात्र पूर्णपणे यांत्रिक आहे. लिव्हरपासून एक केबल मागे जाते आणि पुढे तिचा ताण दोन केबलमध्ये वाटला जातो, प्रत्येक मागच्या चाकाला एक. ही केबल कॅलिपरवरचा छोटा दांडा ओढते आणि तो दांडा आतला पिस्टन ढकलून पॅड डिस्कवर दाबतो.

पॅड आणि डिस्कमधलं अंतर वाढलं, की दांड्याचा बराचसा प्रवास ते अंतर भरण्यातच संपतो. पॅड बदलताना पिस्टन मागे घ्यावा लागतो आणि नंतर हे अंतर नीट लावायचं राहून जातं. तक्रार बहुधा तिथून सुरू होते.

नुसती केबल आवळली तर?

लिव्हर वर येतो, काम झाल्यासारखं वाटतं. पण आता हँडब्रेक सोडल्यावरही कॅलिपरचा दांडा मूळ जागी परतत नाही. पॅड डिस्कला घासत राहू शकतात. मग डिस्क तापते, पॅड लवकर झिजतात आणि अंतराचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

योग्य क्रम

१. गाडी सपाट जागेवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला हवा.

२. लिव्हरच्या पायथ्याशी असलेला नट सैल करा. दोन्ही कॅलिपरचे दांडे पूर्ण मागे गेले आहेत ना, ते पाहा. दांडा अडकला असेल, तर पुढे जाऊ नका. आधी कॅलिपर दुरुस्त करा.

३. चाक काढा. कॅलिपरच्या मागच्या बाजूला झाकणासारखा १४ मिलिमीटरचा बोल्ट असतो. तो काढला की आत ॲलन कीची खाच दिसते. साधारणपणे ४ मिलिमीटरची की लागते.

४. की घड्याळाच्या दिशेने फिरवा. डिस्क हाताने फिरेनाशी झाली की थांबा आणि की साधारण एक तृतीयांश फेरा उलट फिरवा. डिस्क आता मोकळी फिरायला हवी. बोल्ट परत लावा आणि दुसऱ्या बाजूलाही हेच करा.

५. ब्रेकचं पेडल काही वेळा दाबा, म्हणजे पॅड जागेवर बसतील.

६. आता लिव्हरजवळचा नट थोडा थोडा आवळा. लिव्हर ओढताना ‘खट’ असा आवाज मोजा. ५ ते ७ आवाजांत ब्रेक पक्का लागला पाहिजे.

तपासणी कशी करायची?

लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत, वर ओढल्यावर दोन्ही अडली पाहिजेत. एकच चाक अडत असेल, तर दोष बहुधा न अडणाऱ्या बाजूच्या केबलमध्ये किंवा कॅलिपरमध्ये आहे. चाकं बसवून, नट नीट आवळून गाडी खाली घ्या. थोडी चालवल्यावर एखाद्या चाकाजवळ दुसऱ्यापेक्षा खूप जास्त उष्णता जाणवली, तर तिथला ब्रेक घासतो आहे. डिस्कला हात मात्र लावू नका.

ॲडजस्टमेंट पुरत नाही तेव्हा

थंड देशांत रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे केबलच्या आवरणात गंज चढतो. अशी केबल ओढली जाते, पण सहज परतत नाही. तिच्यावर ताण वाढवून उपयोग नसतो, ती बदलावीच लागते. ब्रिटनमधल्या वार्षिक एमओटी तपासणीत अशा गाड्यांच्या हँडब्रेकला साधारणपणे वाहनाच्या वजनाच्या किमान १६ टक्के इतकी पकड दाखवावी लागते. गंजलेला कॅलिपर तिथे लगेच उघडा पडतो.

हँडब्रेकची खात्री होईपर्यंत उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकाला ठोकळा लावूनच उभी करावी. ब्रेकचं काम याआधी कधी केलं नसेल, तर जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावं. आधी कॅलिपर, मग केबल, हा क्रम मात्र त्यालाही आवर्जून सांगावा.