गुऱ्हाळांतला हात आणि कारखान्याचा कायदा

पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर हे तालुके पावसाच्या बाबतींत मूळचे दरिद्री. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला आणि ज्वारी-बाजरीच्या या मुलखांत ऊंस डोलूं लागला. उंसामागून गुऱ्हाळें वाढलीं, आणि गुऱ्हाळांबरोबर एक जुनें भयही वाढलें.

बाभळीच्या लांकडाच्या जुन्या घाण्यांतील उभ्या लाटांना लोक विनोदानें ‘नवरा-नवरी’ म्हणत. पुढें लोखंडी चरक आला. रस अधिक निघूं लागला, परंतु कांडें सरकविणाऱ्याची जागा कांहीं बदलली नाहीं. तो लाटांपासून हातभर अंतरावर बसे. काढलेला रस ठेवला तर आंबतो. म्हणून चरक आणि काहील यांना एकमेकांची पाठ सोडतां येत नाहीं, आणि काम रात्रींही चालतें. पेंगलेल्या माणसाचीं बोटें कांड्याबरोबर आंत ओढलीं गेलीं, तर फिरते बैल हांकेसरशीं थबकत नाहींत. पलीकडे चुलवणावर उकळती काहील. ती उतरवितांना एकाचा पाय घसरला कीं संपलें! वेस्ट इंडीजमधील साखरेच्या मळ्यांवर तर घाण्याजवळ कुऱ्हाड ठेवण्याची चाल होती. अडकलेला हात तोडून माणूस वाचवावा, एवढीच काय ती तेथील व्यवस्था.

यंत्रापासून मजुराचें रक्षण करण्याचा कायदा हिंदुस्थानांत प्रथम १८८१ सालीं झाला. धोक्याच्या यंत्रांना आडोसा घालावा, असें त्यांत होतें. पण तो लागू कोणाला? यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा अधिक माणसें राबविणाऱ्या आणि वर्षांतून चार महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या कारखान्यांना. म्हणजे लहान व हंगामी धंदे आपोआप बाहेर राहिले.

ज्यांना तो लागू होता, त्या मुंबईच्या गिरण्यांतही समाधान नव्हतें. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ च्या सप्टेंबरांत कामकऱ्यांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यांतील साप्ताहिक सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. दुसरी एक मात्र विस्मृतींत गेली. कामावर जबर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज करावी, असें त्यांत मागितलें होतें. ही साधी गोष्ट सरकारला पटण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. अंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा २५ नें घटली, तर्जनी गेल्यास शेंकडा १० नें, असें त्याच्या कोष्टकानें धरलें. हिशेब रुक्ष खरा. तथापि मजुराच्या बोटाला किंमत आहे, एवढें तरी सरकारी कागदावर उमटलें.

मध्यंतरीं १९११ च्या कायद्यानें हंगामी कारखाने कक्षेंत घेतले, आणि १९२२ मध्यें माणसांचा आंकडा वीसवर आला. त्यामुळें १९३२ च्या संरक्षक जकातीनंतर इंदापूर तालुक्यांत वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला, तेव्हां वालचंदनगरच्या मजुराला कायद्याचें छत्र होतें. तेंही जरा तोकडेंच! १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांत दिवसाला दहा तास ठरविले, तर हंगामी कारखान्यांत अकरा. हंगाम थोडे महिने असला म्हणून अकराव्या तासाला माणूस कमी थकतो, हें शास्त्र कोणाचें तें कळत नाहीं. १९४८ च्या कायद्यानें हा भेद पुसला.

पण त्याच कायद्यांत ‘शक्ति’ या शब्दाची व्याख्या पाहण्यासारखी आहे: माणसाच्या किंवा जनावराच्या बळानें निर्माण न झालेली ती शक्ति. अशी शक्ति असेल तेथें दहा मजूर पुरेत, नसेल तेथें वीस हवेत. तेव्हां बैलांचा चरक ‘शक्ती’वर चालतच नव्हता! त्याच चरकाला तेलाचें इंजिन जोडलें आणि दहा माणसें असलीं, कीं तो कारखाना ठरे. लाटांना अर्थात् हा फरक ठाऊक नव्हता. शेतावरील यंत्रांकडे कायद्याचें खास लक्ष गेलें तें १९८३ सालीं, आणि तेंही मळणीयंत्रांत शेतमजुरांचे हात सांपडूं लागल्यावर.

२०२० सालीं संसदेनें संमत केलेल्या संहितेंत दहा आणि वीस हे आंकडे वीस आणि चाळीस झाले. एवढीं माणसें बैलांच्या गुऱ्हाळानें कधींच बाळगलीं नाहींत.