काळजाचा ठाव

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मडकं घेताना आपण ते आधी बोटानं वाजवून बघतो. तडा असला की आवाज बद्द येतो. परवा ‘टू-डी इको’ तपासणीचा इतिहास वाचत होते, तर तिचं मूळही असंच तडे शोधण्यात निघालं!

स्वीडनमधल्या माल्मो इथल्या जहाज कारखान्यात धातूतले दोष शोधायचं एक यंत्र होतं. माणसाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा आणि परतणारा प्रतिध्वनी टिपायचा. लुंडचे डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुथ हर्ट्झ यांनी ते छातीला लावायचं ठरवलं. 1953 च्या ऑक्टोबरात धडधडत्या हृदयाची हालचाल प्रथमच अशी नोंदली गेली.

त्याआधी काय होतं? हेलन टॉसिग या बाल्टिमोरच्या डॉक्टरीणबाईंना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या बोटांनी मुलांचे ठोके वाचत. क्ष-किरणांची जोड होतीच. त्यांच्याच कल्पनेतून 1944 मध्ये ‘निळ्या बाळां’वरची शस्त्रक्रिया झाली. पण आतलं नीट कळायला शिरेतून हृदयापर्यंत नळी घालावी लागे. लहान जीवाला हे पुन्हा पुन्हा कसं करणार?

माझ्या वर्गात एक मुलगा होता. पळता पळता मध्येच उकिडवा बसायचा, ओठ निळे पडायचे. पोरं हसायची. एका पावसाळ्यात तो गेला. जन्मजात हृदयदोषाची काही मुलं अशीच बसतात. त्या बसण्यानं फुप्फुसांकडे जाणारं रक्त थोडं वाढतं, हे मी फार नंतर वाचलं. शरीरानं आपला उपाय शोधलेला असतो, बघा.

सत्तरच्या दशकात हृदयाचं हलतं चित्र दिसू लागलं, ऐंशीच्या दशकात त्यात रंग आले. त्यातला निळा म्हणजे अशुद्ध रक्त नव्हे हं! यंत्राकडे येणारं रक्त लाल, दूर जाणारं निळं, एवढाच अर्थ. भोक कुठं आहे हे तर कळतंच, पण हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं हेही मोजता येतं. डाव्या कप्प्याचं हे प्रमाण साधारण 55 टक्क्यांच्या वर असावं लागतं. उजव्या कप्प्याचा आकार मात्र वेडावाकडा, चंद्रकोरीसारखा. त्याचं माप घ्यायला एमआरआय अधिक भरवशाचा.

आणि मला महत्त्वाचं वाटतं ते इथंच. ‘ऑपरेशन झालं, पोर खेळायला लागलं, सुटलो’ असं आपण म्हणतो. पण काही दोषांत पुढं झडप गळत राहते आणि उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो. मूल हसत-खेळत असतं, आणि हृदय मुकाट्यानं थकत असतं. ते वेळेत कळावं म्हणून इको पुन्हा पुन्हा करायची. ना सुई, ना किरण.

2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत, शाळेत येणारी त्याची पथकं अशी मुलं हेरून पुढं पाठवतात. तपासणीच्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. आणि कुणाच्या नातवंडाचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख चुकवू नका. मूल कितीही उड्या मारत असलं तरी!