उपासमार, बिशप आणि बाहाऊची शेती



संकष्टीला साबुदाण्याची खिचडी करताना आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येत असेल कोण जाणे, पण साबुदाण्याचं आणि सिंगापूरचं नातं जुनं आहे. चायनाटाउनमधल्या सेगो स्ट्रीटला ते नाव तिथल्या साबुदाण्याच्या कारखान्यांमुळेच मिळालं. भारतातही साबुदाणा मलाया-सिंगापूरकडून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती वाट बंद झाली आणि 1943 च्या सुमारास मद्रास इलाख्यात सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. थोडक्यात, आपल्या आज्यांचे उपास पार पडले. इकडे सिंगापुरात मात्र त्याच वर्षांत लोक तोच कंद उकडून, किसून, भाजून रोज खात होते आणि त्यांचा उपास काही सुटत नव्हता.

15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर जपान्यांच्या हातात गेलं आणि त्याचं 'स्योनान' झालं. या बेटावर भात पिकत नव्हता. तांदूळ ब्रह्मदेश, सयाम आणि इंडोचायनातून जहाजांनी यायचा. लढाईत जहाजं गेली, उरलेली सैन्याने घेतली. रेशन कमी कमी होत गेलं. फेब्रुवारी 1944 मध्ये पुरुषाला महिन्याला 8 कॅटी तांदूळ मिळे, बाईला 6 आणि मुलाला 4. कॅटी म्हणजे साधारण 600 ग्रॅम. म्हणजे धट्टाकट्टा माणूस असला तरी दिवसाला दीडशे-एकशेसाठ ग्रॅम. आपल्याकडे एका जेवणाला तेवढा भात सहज उठतो! उरलेली भूक टॅपिओका आणि रताळ्यांवर भागवायची. पोट भरायचं, पण पिष्टाशिवाय त्यात फारसं काही नाही, त्यामुळे बेरीबेरी घरोघरी पोचला.

ब्रह्मदेशचा तांदूळ थांबल्याचा फटका आपल्याकडेही बसला होता. बंगालच्या 1943 च्या दुष्काळामागे इतर अनेक कारणांबरोबर तेही एक होतं. मुंबईत रेशनिंग आलं तेही 1943 मध्येच. आणि गंमत बघा, इंग्रज सरकार तिकडे 'अधिक धान्य पिकवा' म्हणून मोहीम चालवत होतं आणि त्यांचे शत्रू जपानी इकडे सिंगापुरात अगदी तीच मोहीम चालवत होते. बंगल्यांची हिरवळ खणली गेली, शाळांच्या मैदानात वाफे झाले. परसात टॅपिओका नाही असं घर सापडणं कठीण.

पण शहराच्या परसबागेत दहा लाखांच्या आसपासची वस्ती जगत नाही. मग जपानी प्रशासनाच्या कल्याण खात्यातल्या शिनोझाकी मामोरू या अधिकाऱ्याने 1943 मध्ये वेगळीच योजना पुढे आणली: लोकांनाच बेटाबाहेर नेऊन जंगलात वसवायचं. चिनी समाजासाठी जोहोरमधलं एंडाउ, आणि कॅथलिकांसाठी, म्हणजे युरेशियन आणि चिनी ख्रिस्त्यांसाठी, नेगेरी सेंबिलानमधलं बाहाऊ. सरकारचा हिशेब उघड होता, तेवढी रेशनची तोंडं कमी. जाणाऱ्यांचाही हिशेब होता. पोट भरेल ही आशा, आणि त्याहून मोठी म्हणजे केंपेताईच्या, जपानी लष्करी पोलिसांच्या, डोळ्यांआड जगता येईल ही. हे सगळं स्वेच्छेने होतं असं कागदावर म्हणता येईल. पण भीतीपोटी दिलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाहाऊची जबाबदारी घेतली ती मलाक्काचे बिशप एड्रियन देव्हाल यांनी. फ्रेंच माणूस, पॅरिसच्या मिशनचा. डिसेंबर 1943 च्या अखेरीपासून माणसं जायला लागली आणि पुढे हा आकडा दोन-तीन हजारांवर गेला. कोण होती ही माणसं? कारकून, शिक्षक, टायपिस्ट, नर्स. ज्यांनी कुंडीपलीकडे काही लावलं नव्हतं अशांच्या हातात कुऱ्हाड आणि कुदळ आली. झाडं तोडा, बुंधे जाळा, अटापच्या पानांनी झोपडी शाकारा, मग पेरा. जमीन चिकण, पाण्याचे हाल. मलेरियाने तर कहर केला. क्विनाईन जवळजवळ नाहीच. अर्धपोटी, तापाने फणफणलेला माणूस खणणार किती? दीड-पावणेदोन वर्षांत शेकडो लोक तिथे गेले, त्यात लहान मुलं आणि म्हातारी माणसं फार.

बिशप स्वतःही खणायचे. एक दिवस कुदळीचा घाव पायावर बसला. जखम चिघळली, वेळेवर औषध मिळालं नाही, आणि जानेवारी 1945 मध्ये सेरेंबानच्या इस्पितळात ते वारले.

आता एक गोष्ट सांगतो, म्हणजे हे किती जवळचं आहे ते कळेल. पार्टी किंवा ऑफिसच्या डिनरला आपण ज्या चाइम्समध्ये जातो, ते मुळात व्हिक्टोरिया स्ट्रीटचं होली इन्फंट जीझस कॉन्व्हेंट. 1996 पासून तिथे रेस्टॉरंट्स आहेत. त्याच कॉन्व्हेंटमधल्या काही नन आणि अनाथ मुली बाहाऊला गेल्या होत्या. जिथे उपासमारीमुळे मुलींना हलवावं लागलं, तिथे आज चार-चार कोर्सचं जेवण मिळतं.

बाहाऊबद्दल वाचताना मला सारखं केडगाव आठवत होतं. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो बायका-मुली आणल्या, आणि 1900 नंतर मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथेही ख्रिस्ती श्रद्धा, तिथेही दुष्काळ, तिथेही विहिरी खणून केलेली शेती. मग केडगाव तगलं आणि बाहाऊ का नाही? मला वाटतं रमाबाईंकडे तीन गोष्टी होत्या. जमीन त्यांनी आपल्या पसंतीने आधीच घेतलेली होती. पुणे-सोलापूरची रेल्वे दारात होती, त्यामुळे पीक बुडालं तरी बाहेरून धान्य येऊ शकत होतं. आणि परदेशातून देणग्या येत होत्या. म्हणजे शेतीवर सगळा भार नव्हता, शेती जोडीला होती. बाहाऊत शेतीमागे काहीच नव्हतं. बरी जमीन आणि चिनी व्यापाऱ्यांचा पैसा मिळालेलं एंडाउदेखील त्यामानाने बरं चाललं. नुसत्या श्रद्धेवर आणि कष्टांवर खापर किंवा श्रेय टाकणाऱ्यांनी हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहावेत.

सप्टेंबर 1945 मध्ये इंग्रज परतले, बाहाऊची उरलेली माणसं घरी आली, पण भूक गेली नाही. तांदूळ जगभरच कमी होता, काळा बाजार तेजीत. तेव्हा नव्या समाजकल्याण खात्याने जून 1946 मध्ये तेलोक आयर भागात पहिलं 'पीपल्स रेस्टॉरंट' उघडलं. 35 सेंटला एक जेवण! आपल्या झुणका-भाकर केंद्राची थोरली बहीण म्हणा, पण हिशेब चोख असलेली. 1947 पासून शाळेच्या वयाखालच्या मुलांसाठी मोफत जेवणाची केंद्रं निघाली. ती चालवायला शहरातल्या बायका स्वयंसेवक म्हणून पुढे आल्या.

त्यातल्या एक कॉन्स्टन्स गोह. हॅवलॉक रोडच्या केंद्रात वाढताना त्यांच्या लक्षात आलं की एका घरातून येणाऱ्या पोरांची रांगच संपत नाही. मोठ्या मुलांना नियमाने जेवण नाही, ती धाकट्यांना कडेवर आणून नुसती बघत उभी. फक्त ताट वाढून भागणार नाही असं या बायकांना वाटलं, आणि 1949 मध्ये कुटुंबनियोजन संघटना उभी राहिली. रघुनाथराव कर्व्यांनी मुंबईत 1921 मध्ये केंद्र उघडलं तेव्हा त्यांना केवढा विरोध झाला ते आपण जाणतोच. इथेही विरोध झाला, आणि त्यात कॅथलिक चर्च पुढे होतं. ज्या चर्चने बाहाऊत माणसं जगवायला आपला बिशप गमावला, तेच! इतिहास असा सरळ रेषेत बसत नाही, म्हणून तर वाचायला मजा येते.

आज सिंगापूर नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न आयात करतं. 2030 पर्यंत 30 टक्के पोषण इथेच पिकवायचं असं 2019 मध्ये ठरलं होतं, ते उद्दिष्ट 2025 मध्ये सोडून 2035 साठी वेगळी उद्दिष्टं ठेवली गेली. एचडीबीखाली दिसणाऱ्या 'कम्युनिटी इन ब्लूम'च्या बागा 2005 पासूनच्या. आमच्या ब्लॉकखालच्या बागेत एक तमिळ आजी कढीपत्ता लावतात आणि मागेल त्याला देतात. पोट भरण्याचं काम मात्र स्वयंपाकघरं करतात. सिलाट रोडच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतोच. टोनी टे यांनी 2003 मध्ये सुरू केलेलं 'विलिंग हार्ट्स' रोज हजारो डबे पाठवतं, त्यांना 2017 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुरुवात झाली ती कनोशियन नन्सच्या सांगण्यावरून गरिबांसाठी पाव गोळा करण्यापासून.

त्यांच्या स्वयंपाकघरात मी दोन-तीनदा गेलोय. नाव नोंदवून जायचं, टोपी-एप्रन घालायचा आणि पुढ्यात येईल ती भाजी चिरायची. मला कांदे आले.