मुळशीला पुन्हा जायचंय? मग त्या तळ्याची गोष्टही माहीत असू द्या

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की पुण्यातल्या अनेक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: "यंदा मुळशीला कधी?" ठिकाण नवं नसतं. चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि मग उजव्या हाताला दिसणारं मुळशीचं विस्तीर्ण पाणी. पुढे ताम्हिणी घाट. तरीही तिथेच परत जायची ओढ लागते.

वाट बघण्यातली मजा

२०१० साली नेदरलँड्समध्ये सुमारे दीड हजार लोकांचा अभ्यास झाला. सुट्टीवर जाणारे लोक निघण्याआधीच इतरांपेक्षा जास्त आनंदी असल्याचं त्यात दिसलं. परत आल्यावर मात्र बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नव्हता. म्हणजे मुळशीचा बेत आखण्यातही मजा असते.

हे तळं आलं कुठून?

मुळशीचं तळं नैसर्गिक नाही. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या वीज कंपनीने इथे धरण बांधलं. त्यात पन्नासच्या आसपास गावांची घरं, देवळं आणि भातखाचरं जाणार होती. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. धरणाविरुद्धचं जगातलं पहिलं संघटित आंदोलन म्हणून तो ओळखला जातो.

'जान किंवा जमीन'

ही सत्याग्रहाची घोषणा होती. नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांचं. 'सेनापती' ही पदवी त्यांना याच लढ्यातून मिळाली. बायकाही सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या.

पण खोऱ्यातली बरीच जमीन सावकारांच्या नावावर होती. त्यांना चांगला मोबदला मिळाला तर चालणार होतं, कसणाऱ्या मावळ्यांना जमीनच हवी होती. या फुटीने लढा कमजोर झाला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामगारांना नेणारी रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ पर्यंत धरण उभं राहिलं.

काही कुटुंबं वर डोंगराच्या अंगाला सरकली, काही दूर गेली. आपण दरवर्षी मुळशीला परत जातो, पण त्यांना आपल्या गावी परतता आलं नाही.

पाणी जातं कुठे?

मुळेचं पाणी खरं तर पुण्याकडे वाहतं. धरणातलं पाणी मात्र सह्याद्रीतून पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्यातल्या भिरा वीजकेंद्रात सोडतात. तिथून ते कुंडलिका नदीत जातं. कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं.

यंदा जाताना

• अलीकडे पावसाळ्यात धबधबे आणि धरण परिसरात जिल्हा प्रशासन बंदी घालतं. निघण्याआधी ताजे आदेश बघा.
• ताम्हिणीचं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. कचरा परत आणा, गाडीतली गाणी बंद ठेवा.
• घाटात दाट धुकं असतं. वळणावर गाडी थांबवून फोटो काढू नका.
• जेवण गावातल्या घरगुती खानावळीत घ्या आणि जमलं तर तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, "तुमचं जुनं गाव कुठलं?"