डीजे व्हायचंय? मग कोणतं सॉफ्टवेअर शिकायचं, हे आधी असं ठरवा

गणपतीची मिरवणूक असो, १४ एप्रिलची जयंती असो की घरच्या लग्नातली हळद, ओळखीचं गाणं नव्या बीटवर वाजलं की गर्दीतल्या एखाद्याला तरी वाटतंच, 'हे आपल्यालाही जमायला हवं.' मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. दहा-बारा नावं समोर येतात आणि प्रत्येक व्हिडिओत वेगळंच सॉफ्टवेअर 'नंबर वन' असतं. कुणी मित्राच्या पेनड्राइव्हमधून क्रॅक कॉपी घेतं, कुणी उसने पैसे घेऊन महागडं लायसन्स घेतं. महिनाभराने कळतं की आपल्याला हवं होतं ते हे नव्हतंच.

म्हणूनच 'बेस्ट कोणतं?' हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न आहे, 'मला नक्की काय करायचंय?'

वाजवायचंय की बनवायचंय?

डीजेच्या कामाचे दोन भाग आहेत आणि दोन्हींची सॉफ्टवेअर वेगळी आहेत.

पहिला भाग म्हणजे तयार गाणी एकातून दुसऱ्यात मिसळत लोकांसमोर वाजवणं. त्यासाठी व्हर्च्युअल डीजे, सेराटो डीजे, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर ही सॉफ्टवेअर आहेत. स्क्रीनवर दोन डेक दिसतात, मध्ये मिक्सर असतो. सेराटोची 'लाइट' आवृत्ती मोफत आहे. व्हर्च्युअल डीजेही घरच्या घरी, कंट्रोलर न जोडता शिकायला मोफत वापरता येतं.

दुसरा भाग म्हणजे नवा बीट, रिमिक्स किंवा स्वतःचं गाणं बनवणं. त्यासाठी लागतं ते डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन, म्हणजे संगणकातला अख्खा स्टुडिओ. एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, रीपर, लॉजिक प्रो ही त्यातली नावं.

फक्त कार्यक्रमात वाजवायचं असेल तर दुसऱ्या गटावर आत्ताच पैसे घालायची गरज नाही. रिमिक्स बनवायचे असतील, तर मात्र पहिल्या गटावर भागत नाही.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय आहे?

एफएल स्टुडिओ: बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये 'फ्रूटीलूप्स' या नावाने सुरू झालं. आधी ते फक्त ड्रम मशीन होतं. आजही बीट बनवणं हीच त्याची ताकद. चौकोनांवर क्लिक करत गेलं की ताल तयार होतो. एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट आयुष्यभर मोफत मिळतात. ट्रायलला दिवसांची मर्यादा नाही, पण एक मेख आहे: सेव्ह केलेला प्रोजेक्ट लायसन्स घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही.

एबलटन लाइव्ह: बर्लिनच्या कंपनीने २००१ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर बनवणं आणि वाजवणं यांच्यामधला पूल आहे. छोटे तुकडे करून ते स्टेजवरच हवे तसे जोडता येतात. पूर्ण आवृत्ती महाग आहे, पण अनेक मिडी कीबोर्डसोबत 'लाइट' आवृत्ती मोफत मिळते. कीबोर्ड घेताना दुकानात हे जरूर विचारा.

रीपर: विनअँप आठवतं? तेच बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं हे पुढचं काम. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरता येतं आणि नंतरचं वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं आहे. जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. मात्र सोबत तयार वाद्यं फारशी येत नाहीत.

गॅरेजबँड, बँडलॅब आणि एलएमएमएस: तिन्ही मोफत. गॅरेजबँड मॅक आणि आयफोनवर चालतं. बँडलॅब अँड्रॉइड मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे लॅपटॉप नसला तरी सुरुवात होते. एलएमएमएस विंडोज आणि लिनक्सवरही चालतं.

आपल्या गाण्यांसाठी काय तपासायचं?

बहुतेक ट्यूटोरियल हाउस किंवा हिप-हॉप शिकवतात. तिथे चारचा ठेका असतो. आपली बरीच कोळीगीतं आणि लोकगीतं मात्र सहा मात्रांच्या चालीत आहेत. सॉफ्टवेअर उघडताना चारचाच हिशोब लावून बसतं, त्यामुळे बीट गाण्यावर बसत नाही आणि नवशिक्याला वाटतं आपल्यालाच ताल नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये ६/८ करून बघा.

दुसरी अडचण जुन्या गाण्यांची. तिथे माणसं प्रत्यक्ष वाजवत होती, त्यामुळे लय थोडी मागेपुढे होते. एकाच वेगाचा बीट खाली ठेवला की अर्ध्या मिनिटात गाणं सुटतं. गाणं ताणून किंवा दाबून लयीत बसवण्याच्या सोयीला एबलटनमध्ये 'वार्प' म्हणतात. एफएल आणि रीपरमध्येही ती वेगळ्या नावाने आहे. रिमिक्स करायचा असेल तर ट्रायलमध्ये सगळ्यात आधी हीच सोय वापरून बघा.

लॅपटॉप किती दमाचा हवा?

८ जीबी रॅमवर सुरुवात होते, १६ जीबी असेल तर उत्तम. विंडोजवर बटण दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल, तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर नाही, ऑडिओ ड्रायव्हर बदलायचा असतो. त्यासाठी 'असिओ' प्रकारचा ड्रायव्हर लागतो. एफएलसोबत तो येतोच, इतरांसाठी मोफत मिळतो.

क्रॅक का नको?

ते बेकायदेशीर आहेच. शिवाय क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि तिथूनच पासवर्ड चोरणारे प्रोग्राम आत शिरतात. ज्या लॅपटॉपवर बँकेचं खातं आणि इन्स्टाग्राम उघडता, तोच हा लॅपटॉप असतो. वर दिलेले मोफत पर्याय पाहता ही जोखीम घेण्याचं कारण उरत नाही.

मग निवड कशी करायची?

- फक्त वाजवायचं असेल: व्हर्च्युअल डीजे किंवा सेराटो लाइट
- फक्त मोबाइल असेल: बँडलॅब
- मॅक असेल: गॅरेजबँड
- विंडोजवर बीट बनवायचे असतील: एफएलची ट्रायल
- जुना लॅपटॉप आणि कमी बजेट असेल: रीपर
- रिमिक्स करून तेच स्टेजवर वाजवायचं असेल: एबलटन

एक निवडा आणि त्यात एक गाणं शेवटपर्यंत पूर्ण करा. ते डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये काढा, कारण मोठ्या साउंडवर कमी दर्जाची एमपीथ्री लगेच उघडी पडते. दुसऱ्याच्या गाण्याचा रिमिक्स परवानगीशिवाय यूट्यूबवर टाकला तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

पैसे खर्च करायचे ते त्यानंतर. पहिलं गाणं पूर्ण करताना मोफत आवृत्तीत जिथे अडलात, तेवढ्यासाठीच लायसन्स घ्या.