दिवसाचे २१,६०० श्वास

हा आकडा तुम्ही कीर्तनात, योगवर्गात नाहीतर व्हॉट्सॲपवर ऐकला असेल. ओपीडीत त्याच्यापाठोपाठ प्रश्न येतो, "म्हणजे आयुष्याचे श्वास मोजूनच मिळतात ना, डॉक्टर?" नाही. जुन्या ज्योतिर्गणितात हा आकडा घड्याळाचे काम करतो.

६ प्राण म्हणजे १ पळ, ६० पळे म्हणजे १ घटिका, ६० घटिका म्हणजे १ दिवस. प्राण म्हणजे निरोगी माणसाचा एक श्वासोच्छ्वास, सुमारे ४ सेकंदांचा. गुणाकार करून बघा. आता वर्तुळाचे ३६० अंश घ्या, प्रत्येक अंशाच्या ६० कला. त्याही २१,६००च! पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते, असे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहिले. हिशेबाने मिनिटाला १५ श्वास होतात. आम्ही आजही प्रौढांमध्ये १२ ते २० नॉर्मल धरतो.

वर्तुळावरची गती मोजायला 'ज्या' लागते. शाळेत आपण तिला साइन म्हणतो. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी ग्रहाची 'तात्कालिक गती', म्हणजे त्या क्षणाची गती काढली. ज्येतला बदल कोटिज्येच्या, म्हणजे कोसाइनच्या प्रमाणात होतो, हे त्यात आले. हे कॅल्क्युलसचे बीजच. पण ते ग्रहांसाठी होते, फुप्फुसांसाठी नव्हे. तसे फॉरवर्ड कृपया करू नका.

तरी गणित तेच लागू पडते. शांत बसलात की एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. छातीतल्या हवेचा आलेख काढला तर साइनसारखी लाट दिसते. तिचा चढ-उतार म्हणजे हवेचा वेग. श्वास पूर्ण भरला त्या क्षणी वेग शून्य, साधारण मध्यावर सर्वांत जास्त.

१८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या भांड्याने फुंकलेली हवा थेट मोजली. आजची बरीच यंत्रे उलट जातात. ती क्षणाक्षणाचा वेग मोजतात आणि त्यांची बेरीज करून हवा किती ते सांगतात. हेच इंटिग्रेशन. "एकदम जोरात फुंका!" म्हणून टेक्निशियन ओरडतो तो पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते बघायला. दमा आणि सीओपीडीमध्ये नेमका तोच आकडा घटतो.

खरा श्वास मात्र शुद्ध साइन नसतो. उच्छ्वास लांब असतो, दम्यात आणखी लांबतो. म्हणून मॉडेल करणारे श्वास आणि उच्छ्वास यांना वेगवेगळी सूत्रे देतात.

तुम्हाला घरी सूत्र नको, घड्याळ पुरे. ताप-खोकला असलेले मूल शांत असताना पूर्ण १ मिनिट त्याचे पोट बघत मोजा. २ महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, ५ वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास आले तर निमोनियाची शंका. त्याच दिवशी दाखवा. आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आकडे न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे श्वासमापक बनवले. सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, की औषध सुरू.